जुन्या सर्व्हरच्या जागी काय घ्यावे? शिरोलीच्या एका फाउंड्रीला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील आपली फाउंड्री वडिलांनी उभी केली आणि गेली सहा वर्षे आपण ती सांभाळत आहात. कारखान्यात सुमारे चाळीस संगणक आहेत आणि त्यांचा सगळा भार दोन सर्व्हरवर आहे. पहिला २०१३ साली घेतलेला. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ असून ईआरपी (बिले, साठा, उत्पादन यांच्या एकत्रित नोंदींचे सॉफ्टवेअर), टॅली, ड्रॉइंगच्या सुमारे १.२ टेराबाइट फाइली आणि सर्वांचे लॉगिन त्यावरच चालते. दुसरा २०१० चा, विंडोज सर्व्हर २००८ आर२ वरचा. त्यात हजेरीचे सॉफ्टवेअर आहे आणि २०१६ पर्यंत वापरात असलेली जुनी ईआरपी आहे, म्हणजे हीटनिहाय (भट्टीत वितळवलेल्या धातूच्या प्रत्येक खेपेनुसार) तपासणीच्या आणि टेस्ट सर्टिफिकेटच्या जुन्या नोंदी. मे महिन्यात पहिल्या सर्व्हरची एक डिस्क गेली आणि तशीच दुसरी मिळायला अकरा दिवस लागले. त्यानंतर आपण दोन कोटेशने मागवली. एक विक्रेता सर्व काही क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या दूरच्या सर्व्हरवर, न्या असे सांगतो, तर दुसरा दोन नवे सर्व्हर, दोघांसाठी सामाईक स्टोरेज आणि व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर) घ्या म्हणतो. वडिलांचे म्हणणे, आपला डेटा आपल्या डोळ्यांसमोर असावा. यातील बरोबर कोण, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे की दोन्ही कोटेशने सर्व्हरला एक अखंड वस्तू मानून दिलेली आहेत आणि तिथेच ती चुकतात. आपल्या त्या २०१३ च्या पेटीत चार निरनिराळी कामे राहतात. प्रत्येकाची निकड वेगळी, सवयी वेगळ्या आणि स्थलांतराची वाटही वेगळी. ती कामे सुटी करून पाहिली की आपल्या बाबतीत निर्णय फारसा अवघड राहत नाही: ईआरपी आणि टॅली कारखान्यातच, पण नव्या यंत्रावर व्हर्च्युअल स्वरूपात; बॅकअपची एक प्रत क्लाउडवर; आणि जुनी ईआरपी नव्या यंत्राच्या पोटात बंदिस्त करून, केवळ वाचण्यासाठी. याची कारणे पुढे सविस्तर देतो, कारण कारणे समजल्याशिवाय विक्रेत्यांशी बोलणे आपल्याला जड जाईल.

त्याआधी मात्र एक काम याच आठवड्यात करायचे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही कोटेशनची वाट पाहू नये. आपण लिहिता की रोज रात्री बॅकअप होतो आणि सकाळी तसा ई-मेल येतो. तो बॅकअप कधी परत उभा करून पाहिला आहे का, हे पत्रात नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याचे काम माझ्याकडे होते. तिथेही रोज सकाळी बॅकअप यशस्वी झाल्याचा निरोप येत असे. ईआरपीचा डेटाबेस मधल्या काळात एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवला गेला होता आणि बॅकअप मात्र जुन्याच फोल्डरचा होत राहिला होता. हे मला कळले तेव्हा डिस्क गेलेली होती आणि हाती आलेली प्रत सात महिन्यांपूर्वीची होती. निरोपावर विसंबून मी स्वतः तपासणी केली नव्हती, ही चूक माझी होती आणि तिची किंमत तिथल्या स्टोअरच्या आणि हिशेबाच्या माणसांनी रात्री जागून, कागदांवरून नोंदी पुन्हा भरून मोजली. म्हणून सांगतो, एखादा बरा डेस्कटॉप घ्या, त्यावर ईआरपीचा डेटाबेस बॅकअपमधून उभा करा आणि कालच्या डिस्पॅचचे शेवटचे बिल त्यात दिसते का ते स्वतः पाहा. याला किती तास लागले तेही लिहून ठेवा, कारण तो आकडा पुढे कामाला येणार आहे.

डिस्कबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या सर्व्हरच्या डिस्क रेड ५ पद्धतीने जोडलेल्या आहेत, त्यामुळे एक डिस्क गेली तरी काम चालू राहिले. पण नवी डिस्क बसवल्यावर तिच्यावरची माहिती पुन्हा रचण्यासाठी उरलेल्या साऱ्या डिस्क पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि त्या डिस्कही तेवढ्याच वयाच्या, तेवढ्याच धुळीत आणि उष्णतेत काढलेल्या असतात. दुसरी डिस्क जाण्याचा धोका याच वेळी वाढतो. आपण मे महिन्यातून सुखरूप बाहेर पडलात, पण पुढच्या वेळीही तसेच होईल असे धरून चालता येणार नाही. शिवाय फाउंड्रीची हवा सर्व्हरला विशेष घातक असते. साच्यांच्या वाळूतली कोळशाची बारीक भुकटी आणि धातूचे कण पंख्यांतून आत ओढले जातात, आणि इंडक्शन फर्नेसमुळे विजेचा दाब क्षणोक्षणी वरखाली होत राहतो. नवे यंत्र कोणतेही घेतले तरी ते बंद, स्वच्छ, वातानुकूलित खोलीत आणि चांगल्या ऑनलाइन यूपीएसवरच ठेवावे लागेल. त्या खोलीचा खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये नाही.

यंत्र जुने होण्याइतकेच त्यावरची प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) जुनी होणे गंभीर आहे. विंडोज सर्व्हर २००८ आर२ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी. आपली ईआरपी ज्या एसक्यूएल सर्व्हर २०१२ या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालते, त्याचा आधार १२ जुलै २०२२ लाच संपलेला आहे. आधार संपणे म्हणजे यानंतर सापडलेल्या त्रुटींवर दुरुस्ती मिळणार नाही. २०१२ आर२ साठी पैसे भरून मिळणाऱ्या जादा सुरक्षा दुरुस्त्या आहेत, आणि मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर क्लाउडवर नेलेल्या यंत्राला त्या विनामूल्य मिळतात. क्लाउडच्या विक्रेत्याने आपल्याला जो फायदा सांगितला तो हाच. पण त्यांचीही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. जुनी प्रणाली उचलून जशीच्या तशी दुसरीकडे ठेवल्याने मुदत थोडी पुढे सरकते एवढेच. त्यासाठी सगळा कारखाना हलवणे मला पटत नाही.

आता कामांची मोजदाद करू. एका वहीत प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा: ते किती तास बंद राहिलेले चालेल, आणि बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर किती तासांच्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या तर चालेल. हे आकडे आपण, डिस्पॅचचे प्रमुख आणि हिशेबाचे प्रमुख यांनी बसून ठरवायचे आहेत, विक्रेत्याने नव्हे. हजेरीचे सॉफ्टवेअर दोन दिवस बंद राहिले तरी पंचिंगच्या यंत्रात नोंदी साठून राहतात, म्हणून तिथे घाई नाही. टॅली एक दिवस थांबू शकते, फक्त जीएसटी विवरणपत्रांच्या तारखा जवळ असताना थांबू शकत नाही. ईआरपीचे तसे नाही. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नोंदवलेले बिल) बंधनकारक आहे आणि आपण त्यात येता. बिल ईआरपीत तयार होते, त्यावरून ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल निघते आणि मगच गाडी वजनकाट्यावरून फाटकाबाहेर जाते. म्हणजे ईआरपी दुपारी तीनला बंद पडली तर संध्याकाळी चाकणला निघायच्या गाड्या आवारात उभ्या राहतात. या कामासाठी आपण दोन तास लिहाल, असा माझा अंदाज आहे. आत्ताची प्रत्यक्ष स्थिती किती, ते वर सांगितलेल्या चाचणीत कळेल. दोन तास आणि चाचणीत आलेला आकडा यांतले अंतर भरून काढणे हेच नव्या खरेदीचे प्रयोजन.

याच साखळीतून आणखी एक गोष्ट दिसते. इंटरनेट बंद पडले तर क्लाउड बंद पडेल, ही वडिलांची भीती खरी आहे, पण ई-इनव्हॉइसमुळे आपले डिस्पॅच आजही इंटरनेटवर अवलंबून आहेच. वेगळ्या कंपनीची, वेगळ्या मार्गाने येणारी दुसरी जोडणी आपल्याला कोणत्याही पर्यायात घ्यावी लागणार आहे. दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील तर ती दुसरी जोडणी नव्हे, हे तेवढे पाहून घ्या.

तरीही ईआरपी क्लाउडवर नेऊ नका असे मी सांगतो, त्याचे कारण इंटरनेट बंद पडणे हे नाही. आपली ईआरपी जुन्या पद्धतीची आहे: प्रत्येक संगणकावर तिचा प्रोग्रॅम बसवलेला असतो आणि तो थेट डेटाबेसशी बोलतो. असा प्रोग्रॅम एक पडदा उघडताना डेटाबेसला शेकडो लहान प्रश्न विचारतो आणि प्रत्येक उत्तर आल्यावरच पुढचा प्रश्न विचारतो. कारखान्याच्या आतल्या जाळ्यात एका फेरीला एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो. तीच फेरी मुंबईच्या डेटा सेंटरपर्यंत जाऊन येण्यास पंधरा मिलिसेकंद लागले असे धरा. पाचशे फेऱ्यांचा पडदा आज अर्ध्या सेकंदात उघडत असेल तर तो साडेसात सेकंद घेईल, आणि जोडणीची क्षमता दुप्पट केली तरी हा वेळ कमी होणार नाही, कारण तो अंतराचा आणि फेऱ्यांच्या संख्येचा आहे. यावर उपाय म्हणजे प्रोग्रॅमही क्लाउडवरच ठेवायचा आणि माणसांनी रिमोट डेस्कटॉपने तिथे काम करायचे. ते चालते, अनेक ठिकाणी चांगले चालते. पण त्यासाठी दर माणशी वेगळा परवाना लागतो, बारकोड आणि लेबलचे प्रिंटर तिथून चालवणे कटकटीचे होते आणि वजनकाट्याचा आकडा सीरियल पोर्टमधून ईआरपीत घेण्याची आपली व्यवस्था नव्याने करावी लागते. आपल्या ईआरपीच्या निर्मात्याने ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आणली आणि ती आपल्या उद्योगात स्थिरावली, की हा प्रश्न पुन्हा उघडावा. आजच्या आवृत्तीसाठी मी ईआरपी शिरोलीतच ठेवीन.

आता व्हर्च्युअलायझेशनकडे येतो. कल्पना सोपी आहे: एका सक्षम सर्व्हरवर हायपरवायझर नावाचा थर बसवायचा आणि त्यावर अनेक स्वतंत्र यंत्रे सॉफ्टवेअरच्या रूपाने चालवायची. प्रत्येक यंत्राला स्वतःची प्रणाली, स्वतःची मेमरी आणि स्वतःची डिस्क असल्यासारखे भासते, आणि हे सारे मुळात काही फाइलींत साठलेले असल्यामुळे उचलून दुसऱ्या लोखंडावर, म्हणजे दुसऱ्या प्रत्यक्ष सर्व्हरवर, नेता येते. वडिलांना हे नवे खूळ वाटत असेल तर त्यांना अवश्य सांगा की आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली बाजारात आणली होती. मे महिन्यात आपण अकरा दिवस अडकून राहिलात ते जुन्या यंत्राला विशिष्ट डिस्कच हवी होती म्हणून. व्हर्च्युअल यंत्राला असे जुने लोखंड लागत नाही.

दुसऱ्या विक्रेत्याची दिशा म्हणूनच योग्य आहे, रचना मात्र आपल्या आकाराला साजेशी नाही. दोन सर्व्हर आणि दोघांसाठी एकच सामाईक स्टोरेज ही मांडणी कागदावर भक्कम दिसते. पण सगळा डेटा त्या एका स्टोरेजमध्ये असतो आणि ते बंद पडले की दोन्ही सर्व्हर हात बांधून उभे राहतात. शिवाय त्या तिघांत सर्वांत महाग तेच. मी त्याऐवजी असे करीन: एक चांगला सर्व्हर, ज्यात स्वतःच्या एसएसडी (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्क) असतील, आणि दुसरा थोडा कमी क्षमतेचा, कारखान्याच्या दुसऱ्या इमारतीत. पहिल्यावरची ईआरपी दर पाच मिनिटांनी दुसऱ्यावर प्रतिरूपित होत राहील. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरवायझरमध्ये ही सोय अंगभूत आहे आणि तीस सेकंद, पाच मिनिटे किंवा पंधरा मिनिटे असे अंतर निवडता येते. पहिला सर्व्हर गेला तर दुसऱ्यावरचे प्रतिरूप माणसाने हाताने सुरू करावे लागते, आपोआप होत नाही. पण दोन तासांच्या मर्यादेत ते सहज बसते.

व्हीएमवेअर उत्तम आहे आणि मी स्वतः अनेक वर्षे ते वापरले आहे. मात्र २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतल्यानंतर एकदा पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची पद्धत बंद झाली आणि आता वर्गणी भरत राहावी लागते. दोन सर्व्हरच्या कारखान्याने तो भार घ्यावा असे मला वाटत नाही. विंडोज सर्व्हरचा परवाना आपल्याला घ्यावाच लागणार आहे आणि हायपर-व्ही त्यात येते. आपल्या सिस्टिमच्या माणसाला लिनक्सची सवय असती तर प्रॉक्समॉक्स या लिनक्सवरच्या हायपरवायझरचाही विचार करा म्हटले असते. तो मुक्त स्रोत असून भरवशाचा आहे. पण आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या आणि आजवर विंडोजवरच काम केलेल्या माणसावर नवे तंत्र लादू नये.

परवान्यांत गफलत होते, म्हणून कोटेशनमध्ये पुढील बाबी नीट तपासा. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा किमान सोळा कोअरचा (प्रोसेसरच्या गाभ्यांचा) एक संच सर्व्हरच्या सर्व कोअरना पुरेसा असेल तर दोन व्हर्च्युअल यंत्रे चालवता येतात. चार हवी असतील तर तेवढेच कोअर पुन्हा एकदा परवान्याखाली आणावे लागतात. आपल्याला चार लागतील. म्हणजे सर्व्हर घेताना बत्तीस कोअरचा मोह टाळून सोळाचा घेतला तर परवान्याचा खर्च निम्म्यावर येतो, आणि आपल्या भाराला सोळा पुरून उरतील. २०१२ साठी घेतलेले वापरकर्त्यांचे परवाने, ज्यांना कॅल म्हणतात, नव्या आवृत्तीला चालत नाहीत. जुन्या सर्व्हरसोबत आलेली ओईएम विंडोज त्या लोखंडाशीच बांधलेली असते, ती नव्यावर नेता येत नाही. आणि दुसऱ्या सर्व्हरवरचे प्रतिरूप बंद अवस्थेत असले तरी त्यालाही परवाना लागतो. सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा परवान्यावरचा जादा करार) घेतलेले असेल तरच त्यातून सूट मिळते. हा शेवटचा मुद्दा दोन्ही विक्रेत्यांना लेखी विचारा.

आपण कास्टिंग सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचा उल्लेख केला आहे, ज्याचा परवाना सर्व्हरला लावलेल्या यूएसबी डोंगलमध्ये (किल्लीसारख्या छोट्या उपकरणात) आहे. नेमकी हीच लहानशी वस्तू स्थलांतराच्या रात्री सगळ्यांना अडवते. हायपर-व्ही मधल्या यंत्राला यूएसबी डोंगल थेट जोडता येत नाही. एक तर जाळ्यावरून यूएसबी पुरवणारे छोटे उपकरण घ्यावे लागते, किंवा निर्मात्याकडून डोंगलऐवजी सॉफ्टवेअर परवाना मागून घ्यावा लागतो, किंवा तो परवाना एका वेगळ्या डेस्कटॉपवर ठेवावा लागतो. आपल्यासाठी मला हा तिसरा मार्गच सोपा दिसतो. जे परवाने नेटवर्क कार्डाच्या मॅक क्रमांकाशी बांधलेले असतात त्यांच्यासाठी व्हर्च्युअल यंत्राचा मॅक क्रमांक स्थिर करून ठेवावा, नाही तर यंत्र हलले की परवाना नाकारला जातो. टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून आधी परत करून मग नव्यावर सुरू करायचा असतो. जुने यंत्र मोडीत निघाल्यावर हे आठवले तर धावपळ होते.

सर्वांच्या लॉगिनचे काम करणारा डोमेन कंट्रोलर मात्र जुन्या सर्व्हरवरून उचलून व्हर्च्युअल करू नका. नवा उभा करावा, जुन्याशी जोडून त्याला सारी माहिती घेऊ द्यावी, अधिकार त्याच्याकडे सोपवावेत आणि मग जुन्याला निवृत्त करावे. दुसऱ्या सर्व्हरवरही एक कंट्रोलर असू द्या. एकुलता एक कंट्रोलर एकाच यंत्राच्या पोटात असला आणि ते यंत्र बंद पडले, तर दुरुस्ती करणाऱ्यालाच आत शिरता येत नाही, असा प्रसंग येऊ शकतो.

आता २०१० चा सर्व्हर. वाहन उद्योगातले ग्राहक अनेक वर्षांपूर्वीच्या कास्टिंगची हीट विचारतात, म्हणून त्यातल्या नोंदी टाकता येणार नाहीत, आणि जुन्या ईआरपीचा निर्माता आता व्यवसायात नाही, म्हणून ती नव्या विंडोजवर बसवताही येणार नाही. इथे व्हर्च्युअलायझेशनचा खरा उपयोग आहे. मायक्रोसॉफ्टच्या डिस्क२व्हीएचडी या छोट्या साधनाने चालू यंत्राची डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत उतरवता येते आणि ती फाइल नव्या सर्व्हरवर यंत्र म्हणून सुरू करता येते. हजेरीचे सॉफ्टवेअर आधी त्यातून काढून नव्या विंडोजवर घ्या. पंचिंगची यंत्रे नोंदी एका ठरावीक आयपी पत्त्यावर पाठवतात, तोच पत्ता नव्या यंत्राला द्या. उरलेल्या जुन्या यंत्राला इंटरनेट नको, कारखान्याच्या सर्वसाधारण जाळ्याशी जोडणी नको, आणि एरवी ते बंदच असावे. गुणवत्ता विभागाला जुनी नोंद हवी असेल तेव्हा सुरू करावे, काढावी आणि पुन्हा बंद करावे. आधार संपलेली प्रणाली जिवंत ठेवण्याचा मला पटणारा हा एकच मार्ग आहे.

क्लाउडचे खरे स्थान आपल्या बॅकअपमध्ये आहे, आणि शिरोलीच्या बाबतीत हे मी आग्रहाने सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली, हे आपण पाहिले आहे. त्या दिवसांत बॅकअपची डिस्क कारखान्यात किंवा कोल्हापुरातल्या घरी असून काय उपयोग झाला असता? एक प्रत कारखान्यात, एक वेगळ्या साधनावर आणि एक पूररेषेपासून पुष्कळ दूर, असा नियम ठेवा. दूरची प्रत पुण्यात किंवा मुंबईत ठेवता येते: ॲझ्युरचे एक केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे आणि ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचे २०१६ पासून मुंबईत. पहिली प्रत चढवायला लागणारा वेळ मात्र आधीच मोजा. ड्रॉइंगचे १.२ टेराबाइट वीस एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला पूर्ण वेगाने साडेपाच दिवस लागतात. शंभरने सुमारे सत्तावीस तास. त्यानंतर रोज फक्त बदल जातात, तो भार हलका असतो. आणि सगळा डेटा परत खाली आणायची वेळ आली तर त्याचे वेगळे शुल्क पडते, ते आज विचारून ठेवा.

बॅकअप ज्या पेटीत ठेवाल ती कारखान्याच्या डोमेनला, म्हणजे सर्वांच्या सामाईक लॉगिनच्या व्यवस्थेला, जोडू नका. खंडणीखोर व्हायरस एका संगणकातून शिरला की प्रशासकाचा पासवर्ड मिळवून सर्वांत आधी बॅकअप गाठतो. क्लाउडवरच्या प्रतीला ठरावीक दिवस कोणालाच पुसता येणार नाही असे कुलूप लावता येते; ते लावा. आणि आपले सिस्टिमचे गृहस्थ घरून काम करता यावे म्हणून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवतात असे आपण सहज लिहून गेलात, ते आजच बंद करा. हे वाक्य वाचून मला काळजी वाटली. व्हीपीएन (बाहेरून येण्याची कूटबद्ध जोडणी) आणि मोबाइलवरची दुसरी खूण याशिवाय बाहेरून कोणीही आत येता कामा नये.

आपली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे कायद्याच्या दोन बाबी हिशेब तपासनिसांशी बोलून घ्या. हिशेबाची पुस्तके संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप रोज, आणि प्रत्यक्ष भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवणे कंपनी कायद्याच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तो क्लाउडवर असेल तर सेवा देणाऱ्याची माहिती दरवर्षी कंपनी निबंधकांना कळवावी लागते. दुसरे, सायबर हल्ल्याची वर्दी सहा तासांत देणे आणि यंत्रांचे लॉग (घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपणे हे केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सांगितले आहे. आपल्याकडे आज एकही लॉग आठवड्यापेक्षा जास्त टिकत नाही.

खर्चाची तुलना पाच वर्षांची करा, आणि दोन्हीकडचे सगळे आकडे मांडा. क्लाउडच्या कोटेशनमध्ये आपल्या जुन्या सर्व्हरइतकेच कोअर आणि मेमरी मोजलेली आहे. पण जुना सर्व्हर खरोखर किती वापरात आहे हे कोणी पाहिलेले नाही. विंडोजमधला परफॉर्मन्स मॉनिटर महिनाभर चालू ठेवा, महिनाअखेर त्यात येऊ द्या, आणि मग मागणी ठरवा. ती निम्मी भरल्यास आश्चर्य वाटू नये. कारखान्यातल्या सर्व्हरच्या बाजूला वीज, वातानुकूलन, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) धरा. सरासरी ३०० वॅट घेणारा सर्व्हर वर्षाला २६२८ युनिट खातो. आपल्या बिलातल्या दराने गुणून पाहा. नवे यंत्र पाच वर्षांच्या वॉरंटीसह आणि दुसऱ्या दिवशी माणूस येईल अशा कराराने घ्या, आणि कोल्हापुरात सुटे भाग कुठून येतात हे लेखी घ्या.

स्थलांतराचा दिवस निवडताना मार्च आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा टाळा, तसेच जीएसटी विवरणपत्रांसाठी महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी डिस्पॅच संपल्यावर सुरुवात करावी, आणि पहाटे चारपर्यंत अमुक टप्पा गाठला नाही तर जुन्याच सर्व्हरवर परतायचे, हे आधी कागदावर ठरवून ठेवावे. सध्याची ईआरपी नव्या एसक्यूएलवर चालते असे निर्मात्याकडून लेखी घ्या आणि त्यांचा माणूस त्या रात्री फोनवर हजर असल्याची खात्री करा. सगळ्यांत आधी हजेरी हलवा, मग टॅली, सर्वांत शेवटी ईआरपी. २०१३ चा सर्व्हर त्यानंतर एक पूर्ण तिमाही बंद करून पण शाबूत ठेवा. तो मोडीत देताना डिस्क पुसून, नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याकडेच द्या. भंगारवाल्याच्या गाडीत ग्राहकांची ड्रॉइंग जाऊ देऊ नका.

राहिले वडील. त्यांचा आग्रह मी चुकीचा मानत नाही. या योजनेत मूळ डेटा कारखान्यातच आहे आणि बाहेर जाते ती कुलूपबंद प्रत. पण त्यांना हे सांगण्यापेक्षा दाखवणे बरे. २०१० चे यंत्र नव्या सर्व्हरवर उतरवले की त्यांना शेजारी बसवा आणि विचारा, त्यांना आठवणारी सर्वांत जुनी अडचणीची ऑर्डर कोणती. तिचा हीट नंबर टाका, टेस्ट सर्टिफिकेट उघडा आणि छापून त्यांच्या हातात द्या. ते कागद बरोबर आहेत असे त्यांनी म्हणेपर्यंत जुन्या सर्व्हरची वायर काढू नका.